बोर मारण्याआधी

पूर्णेच्या काठच्या आमच्या गावात विहीर खणली की पाणी लागतं. ते पिता येत नाही. पिकाला दिलं तर पहिल्या वर्षी काही जाणवत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी जमीन वरून पांढुरकी दिसू लागते, पावसाचं पाणी पोटात घेईनाशी होते, आणि मग लोक तिला चोपण म्हणतात. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांतला जवळपास पावणेपाच हजार चौरस किलोमीटरचा हा मुलूख सगळ्या वऱ्हाडाला खारपाणपट्टा म्हणून ठाऊक आहे. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर ही त्यातली नावं. माझं माहेर दर्यापूर तालुक्यातलं. मी अमरावतीला मराठी शिकवते. भूगोल दहावीनंतर सुटला. वडील गेल्यापासून शेत धाकटा भाऊ पाहतो. त्याचा फोन आला, "ताई, बोर मारून पाहू काय? दोनशे फुटावर गोडं पानी लागते म्हनतात." पैसे दोघांनी मिळून घालायचे होते. मी म्हटलं, थांब, कुठंतरी लिहून ठेवलेलं असेलच. माझ्या डोळ्यांसमोर एखादं जाड पुस्तक होतं: गावाचं नाव काढायचं आणि समोर पाणी गोड की खारं ते वाचायचं. असं पुस्तक नाही. जे आहे ते नकाशांत आणि कोष्टकांत विखुरलेलं आहे, आणि एकाला विचारल्याशिवाय दुसरं बोलत नाही.

सुरुवात मी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशापासून केली. हा विभाग १७६७ सालचा. त्याच्या स्थलदर्शक नकाशाला जाणकार लोक नुसतं 'टोपोशीट' म्हणतात. दर्यापूरचा नकाशा हवा म्हटल्यावर मला विचारण्यात आलं, शीट नंबर काय? नकाशाला गावाचं नाव नसतं, क्रमांक असतो, हे मला तेव्हा कळलं. हा क्रमांक लावायची रीत समजायला एक अख्खी संध्याकाळ गेली, पण ती मला फार आवडली. देशाचे चार अंश लांब, चार अंश रुंद असे चौकोन पाडले आहेत. आपला चौकोन ५५ वा: २० ते २४ अक्षांश, ७६ ते ८० रेखांश. त्याचे पुन्हा एकेक अंशाचे सोळा तुकडे, ए ते पी. वरून खाली उतरायचं, मग उजवीकडच्या रांगेत पुन्हा वरून सुरुवात. त्या प्रत्येक तुकड्याचे आणखी सोळा, १ ते १६, त्याच क्रमानं. दर्यापूर ५५ एच/५ मध्ये येतं आणि त्याच्या उत्तरेला असलेलं अंजनगाव सुर्जी ५५ जी/८ मध्ये. एच/५ च्या डोक्यावर जी/८ कसं, हे मला कळेना. कागदावर चौकटी आखून बोटानं मोजत गेले तेव्हा उमगलं: २१ अंशाचं अक्षवृत्त या दोन गावांच्या मधून जातं, तिथं 'जी' संपतो आणि 'एच' सुरू होतो. ज्या रस्त्यानं लहानपणी एसटीतून कितीतरी वेळा गेले, त्या रस्त्याला पृथ्वीची एक रेषा आडवी जाते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

या नकाशाचं प्रमाण १:५०,०००, म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर जमिनीवर एक किलोमीटर. रंगांची भाषा खालच्या कोपऱ्यात दिलेली असते: तपकिरी रेषा उंचीच्या, हिरवं ते झाडझाडोरा, पिवळं ते वाहितीखालचं रान, तांबड्या खुणा वस्तीच्या आणि रस्त्यांच्या. नाल्यांनी मात्र मला बुचकळ्यात पाडलं. निळ्या रंगात थोडेच होते, बाकी सगळे काळ्या रेघांचे. रस्ते समजून मी काही काळ्या रेघांचा माग काढला, तर त्या शेतांतून वळणं घेत नदीला मिळाल्या. काळी रेघ म्हणजे पावसाळ्यानंतर कोरडा पडणारा नाला. मग दर्यापूरच्या चंद्रभागेवर बोट ठेवलं आणि प्रवाहाच्या उलट वर सरकत गेले. एक शीट संपली, दुसरी लागली, आणि बोट थेट चिखलदऱ्याच्या डोंगरात पोचलं. खाली यायला लागले तर चंद्रभागा पूर्णेत, पूर्णा जळगाव जिल्ह्यात चांगदेवला तापीत आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्रात. अमरावती शहराच्या पूर्वेचं पाणी मात्र वर्धेला जातं, तिथून गोदावरीच्या खोऱ्यात आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. ज्या शहरात मी इतकी वर्षं राहते, त्याच्या दोन बाजूंना पडलेला पाऊस दोन वेगळ्या समुद्रांना मिळतो.

उंचीच्या तपकिरी रेषा, म्हणजे समोच्च रेषा, वीस-वीस मीटरच्या अंतरानं काढलेल्या असतात. चिखलदऱ्याच्या शीटवर, म्हणजे ५५ जी/७ वर, त्या इतक्या दाटीनं बसल्या आहेत की भिंग लावूनही सुट्या मोजता येत नाहीत. आमच्या शेतातून एकही रेषा जात नव्हती. नकाशा अपुरा आहे असं मला आधी वाटलं. मग शाळेच्या पुस्तकातलं जुनं सूत्र काढलं: उंचीतला फरक भागिले अंतर म्हणजे उतार. चिखलदरा सुमारे १,११८ मीटर उंचीवर, अचलपूर ३७० च्या आसपास, हवाई अंतर पंचवीस किलोमीटर. दर किलोमीटरला तीस मीटर उतार. अमरावती ३४३, अकोला २८२ च्या आसपास, अंतर ऐंशी किलोमीटरच्या वर; दर किलोमीटरला एक मीटरही नाही. दोन आकडे एकाखाली एक लिहिले आणि त्यांच्याकडे पाहत बसले. डोंगरावरून धावत येणारं पाणी आमच्या रानात आलं की त्याला पुढं जायची घाईच उरत नाही. जिथं समोच्च रेषा नाही, तिथं नकाशानं काही सांगायचं सोडलेलं नसतं. जमीन सपाट आहे हेच तो सांगत असतो.

पण सपाट जमीन महाराष्ट्रात आणखीही आहे, सगळीकडचं पाणी खारं नाही. त्यासाठी दुसरा नकाशा लागला, भूशास्त्राचा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था १८५१ सालची. तिनं जिल्हावार नकाशे काढले आहेत. टोपोशीटवर हिरवं म्हणजे जंगल हे नुकतंच शिकले होते. इथं जवळपास सगळा जिल्हा हिरवा. मेळघाटात ठीक, पण अमरावतीच्या मालटेकडीभोवती इतकं जंगल कुठून आलं? सूची वाचल्यावर कळलं, हा हिरवा डेक्कन ट्रॅपचा, म्हणजे काळ्या बेसॉल्ट खडकाचा. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या सुमाराला लाव्हा थरांवर थर पसरत गेला, त्याचा हा दगड. या हिरव्याच्या मधोमध पूर्वेकडून पश्चिमेकडे एक फिकट पिवळा पट्टा पसरलेला होता. तो गाळाचा. या नकाशाच्या सूचीला क्रम असतो, हेही इथंच कळलं: सगळ्यांत वर सगळ्यांत तरुण थर, खाली उतरावं तसं जुनं होत जायचं. मोर्शी तालुक्यात सालबर्डीला ट्रॅपच्याही खालचे थर उघडे पडले आहेत, त्यांचे रंग सूचीत अगदी तळाशी. यात्रेला जाऊन आलेल्या जागेचं वय मी पहिल्यांदा वाचलं.

पिवळ्या पट्ट्याची उत्तरेकडची कड पाहून मी थबकले. नदीनं आणलेल्या गाळाची कड वेडीवाकडी असावी. ही बरीचशी सरळ, पट्टी ठेवून आखल्यासारखी, गाविलगडच्या पायथ्यानं जाणारी. ही भ्रंशाची रेषा आहे. जमिनीला इथं तडा गेला, सातपुड्याची बाजू वर राहिली आणि दक्षिणेची बाजू खचली. खचलेल्या खोलगटात पूर्णा आणि तिच्या उपनद्या लक्षावधी वर्षं गाळ आणून भरत राहिल्या. हा गाळ काही ठिकाणी तीनशे मीटरपेक्षा जाड आहे. भावानं सांगितलेले दोनशे फूट मी मीटरमध्ये केले: साठ. म्हणजे खोऱ्याच्या मध्यात दोनशे फूट खाली गेलं तरी आपण खडकापर्यंतही पोचत नाही, त्याच गाळात असतो. त्या रात्री भावाला फोन करून एवढंच सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मंग लोकं कायले सांगतात गोडं लागते म्हनून?"

गावातले आमचे काकाजी, वय ऐंशीच्या पुढं, त्याला म्हणाले होते, "बोर मारनाऱ्याले इचार, तो पैसे पान्याचे घेते का खोलीचे?" मला तेव्हा त्यात नुसता ठसका दिसला होता, आता अर्थ दिसला. काकाजींचं दुसरं म्हणणं असं की इथं पूर्वी समुद्र होता, म्हणून पाणी खारं. हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. खरं कारण समजायला मला शेतातलीच एक वस्तू उपयोगी पडली. नांगरताना पांढरे, ओबडधोबड खडे वर येतात. आम्ही त्यांना चुनखडी म्हणतो आणि बांधावर फेकतो. एका खड्यावर लिंबू पिळलं, तर बारीक फेस आला. तो कॅल्शियमचा कार्बोनेट. बेसॉल्ट झिजतो तेव्हा त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम सगळंच पाण्यात उतरतं. पाऊस साडेसातशे-आठशे मिलिमीटर, उन्हाळा पंचेचाळीस अंशांचा, उतार नाही. पाणी वाहून जाण्याऐवजी वर उडून जातं आणि पातेल्यातलं पाणी आटल्यावर जसा थर बसतो तसे क्षार मागं राहतात. त्यातही कॅल्शियम आधी खडा होऊन बाजूला पडतो. पाण्यात आणि मातीत उरतो तो सोडियम. समुद्राची गरज नव्हती. बांधावर फेकलेला प्रत्येक खडा म्हणजे मातीतून निघून गेलेला कॅल्शियम होता, आणि आम्ही त्याकडे शेतातला कचरा म्हणून पाहत होतो.

मग विहिरीचं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत दिलं. अहवालात आकडेच आकडे. विद्युतवाहकता ४.० डेसिसीमन्स प्रति मीटर, सोडियम ७३६ मिलीग्रॅम प्रतिलिटर, कॅल्शियम ६०, मॅग्नेशियम ६१, काठिण्य ४००. पाण्यात क्षार जितके जास्त तितकी वीज सहज वाहते, म्हणून वाहकतेवरून क्षारांचा अंदाज येतो. डेसिसीमन्सच्या आकड्याला ६४० नं गुणलं की विरघळलेल्या एकूण क्षारांचे मिलीग्रॅम ढोबळमानानं मिळतात: २,५६०. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५००, २०१२ सालचं. त्यात एकूण क्षारांची इष्ट मर्यादा ५०० आणि दुसरा स्रोत नसेल तर चालवून घेण्याची मर्यादा २,०००. आमचं पाणी दोन्हींच्या पलीकडे. काठिण्याची मर्यादा २०० आणि ६००. तिथं आमचे ४०० बसतात. म्हणजे हेच पाणी एका ओळीत नापास आणि दुसऱ्या ओळीत पास. भावाला कुणीतरी फक्त काठिण्याची ओळ दाखवून "पाणी चालण्यासारखं आहे" असं सांगितलं होतं. कोष्टकाची एकच ओळ वाचली की आपल्याला हवं ते उत्तर मिळू शकतं, हे मला भीतीदायक वाटलं.

पिण्याचा प्रश्न तसा सुटलेला आहे; आमच्या भागाला शहानूर धरणाचं पाणी नळानं येतं, अकोट-तेल्हाऱ्याकडे वान धरणावरची चौऱ्याऐंशी खेडी योजना आहे. आमचा प्रश्न शेताचा होता, आणि शेतासाठी वेगळं कोष्टक लागतं. त्यात एसएआर नावाचा आकडा हवा होता: कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्या मानानं सोडियम किती, ते सांगणारा. तो काढायला मिलीग्रॅम चालत नाहीत, मिलिइक्विव्हॅलंट लागतात. सोडियमला २३ नं भागायचं, कॅल्शियमला २० नं, मॅग्नेशियमला सुमारे १२ नं. असं का, ते आमच्या महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या मॅडमनी मला मधल्या सुट्टीत समजावलं: प्रत्येक कणाचं वजन वेगळं आणि त्याच्यावरचा भारही वेगळा, तेव्हा वजनं सारखी ठेवून तुलना करता येत नाही. भागाकार केले: सोडियम ३२, कॅल्शियम ३, मॅग्नेशियम ५. शेवटच्या दोघांची बेरीज आठ, निम्मे चार, वर्गमूळ दोन. बत्तीस भागिले दोन, सोळा. शाळा सोडल्यावर मी काढलेलं हे पहिलं वर्गमूळ. सोळा आले खरे, पण सोळा म्हणजे चांगलं की वाईट?

एका पुस्तिकेत दिलं होतं: एसएआर दहापर्यंत कमी धोका, दहा ते अठरा मध्यम, अठरा ते सव्वीस जास्त, त्यापुढं फार जास्त. सोळा म्हणजे मध्यम. मला हायसं वाटलं. पण हे वर्गीकरण ज्या मूळ आलेखातून आलं, तो १९५४ साली अमेरिकेच्या कृषी खात्याच्या कॅलिफोर्नियातल्या क्षार प्रयोगशाळेनं काढलेला. त्यात या मर्यादांच्या रेषा आडव्या नाहीत, तिरप्या आहेत. दहा, अठरा, सव्वीस हे आकडे अगदी कमी क्षारांच्या पाण्याचे. क्षार वाढले की रेषा खाली उतरतात. ४.० वाहकतेला सर्वांत वरची रेषाच बाराच्या जवळ आलेली असते. सोळा तिच्याही वर, म्हणजे 'फार जास्त धोका'. पुस्तिका छापणाऱ्यानं तिरप्या रेषांचं सरळ कोष्टक केलं आणि आमचं पाणी दोन पायऱ्या सुधारलं. हे समजेपर्यंत मला तिसरं कोष्टक मिळालं, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचं, १९७६ चं आणि १९८५ साली सुधारलेलं. ते नेमकं उलट बोलतं! त्यात पाणी जमिनीत मुरण्याच्या दृष्टीनं पाहिलं तर एसएआर १२ ते २० असताना वाहकता २.९ च्या वर असेल तर अडचण नाही. आमची ४.०. एकाच विहिरीला एक कोष्टक 'फार धोका' म्हणतं, दुसरं 'अडचण नाही' म्हणतं, आणि दोन्ही जगभर वापरली जातात. मी कागद मिटून ठेवले. इतकं गोंधळून मी क्वचितच गेले असेन.

अकोल्याला मृदशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर राहतात. भावाच्या ओळखीतून त्यांच्याकडे गेलो. अकोल्यात १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, त्यामुळं असा माणूस शोधायला फार फिरावं लागत नाही. मी दोन्ही कोष्टकं त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी विचारलं, "ताई, तुमच्या शेताला वर्षातून किती प्रकारचं पाणी मिळतं?" मी म्हटलं, विहिरीचं. ते म्हणाले, "आणि पावसाचं?" मग त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं. चिकणमातीच्या कणांना सोडियम सुटं करतो, आणि पाण्यातले भरपूर क्षार त्यांना एकत्र धरून ठेवतात. म्हणून खारं पाणी देत असताना जमीन बिघडल्यासारखी वाटत नाही. दुसरं कोष्टक त्या वेळेपुरतं बरोबर आहे. तरी तेवढ्यावर ते पाणी निर्धास्त ठरत नाही, कारण त्याच कोष्टकात क्षारांची वेगळी ओळ आहे आणि तिथं वाहकता ३ च्या वर गेली की कडक निर्बंध सांगितले आहेत. पुढं जून लागतो. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. ते वरचे क्षार धुऊन नेतं, पण कणांना चिकटलेला सोडियम तिथंच राहतो. धरून ठेवणारं गेलं, फोडणारा राहिला. कण सुटतात, भोकं बुजतात, पाणी वर साचतं. आमचं रान जुलैत का तुंबतं आणि त्याच्याखाली दीड हातावर माती कोरडी का असते, याचं उत्तर मला त्या बैठकीत मिळालं.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि माझ्या लेखी ती सगळ्यांत मोठी. मातीच्या कणांना चिकटलेल्या एकूण भारित कणांत सोडियमचा वाटा किती, त्याला ईएसपी म्हणतात. जगभरच्या पुस्तकांत पंधरा टक्क्यांच्या वर गेलं की जमीन चोपण मानतात. तीही रेघ त्या अमेरिकन क्षार प्रयोगशाळेचीच. नागपूरला राष्ट्रीय मृद सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्युरो आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात पूर्णा खोऱ्यातल्या मातीचा अभ्यास केला आणि दाखवलं की आमच्या फुगणाऱ्या काळ्या मातीत पाच टक्क्यांनाच पाण्याची वाट बंद होऊ लागते. पंधराची वाट पाहत बसलेल्या शेतकऱ्याचं शेत केव्हाच हातचं गेलेलं असतं. तेव्हापासून कुठलंही कोष्टक हातात आलं की मी आधी ते कुठल्या मातीवर, कुठल्या पावसात तयार झालं ते शोधते. आमच्या मातीसाठी कुणीतरी उन्हातान्हात खड्डे खणून वेगळी रेघ आखली, आणि ती रेघ आमच्या गावापर्यंत पोचलेली नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

नंतर एका रविवारी दोन्ही शीट घेऊन मी आणि भाऊ दर्यापूरहून उत्तरेला निघालो. वाहकता मोजायचं पेनाएवढं यंत्र बरोबर होतं. विहीर दिसली की मालकाला विचारून पाणी काढायचं आणि आकडा नकाशावर त्या जागी लिहायचा. मध्ये आकडे वरखाली झाले, एका बांधाच्या दोन बाजूंना वेगळे आले, पण अंजनगाव जवळ येऊ लागलं तसे ते एकूण उतरत गेले. तिथं पानमळे दिसू लागले, पानपिंपळीचे वेल दिसले. भूशास्त्राच्या नकाशावर डोंगरपायथ्याचा हा भाग जाड्याभरड्या गोट्यांचा आणि वाळूचा. डोंगरातून उतरणारे ओढे जड माल इथंच टाकतात आणि बारीक चिकण तेवढी पुढं पूर्णेकडे नेतात. पाणी इथं खाली उतरतं, थांबत नाही, म्हणून गोड. एका मळेवाल्या काकांनी मात्र सांगितलं, "पानी गोडं हाये पोरी, पन दरसाल खाली चाललं." नागवेलीची हद्द आणि गोट्यांची हद्द नकाशावर इतकी जवळून जाते की कुणाला भूशास्त्र वाचता येत नसताना ही पिकं नेमकी इथं कशी स्थिरावली, याचं मला अजून नवल वाटतं.

बोरचा विचार आम्ही सोडला. सरांनी शेततळं सुचवलं. जी माती पाणी मुरू देत नाही, ती तळ्याचं पाणीही धरून ठेवते. खारपाणपट्ट्यात प्लास्टिक न अंथरताही तळी टिकतात. २०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेतलं मोठं माप तीस बाय तीस मीटर, खोली तीन. मी तीस गुणिले तीस गुणिले तीन करून २,७०० घनमीटर म्हटलं, तर भाऊ म्हणाला, "काठ उभे थोडेच राह्यतात ताई?" काठांना तिरपा उतार द्यावा लागतो, तळाशी चोवीस मीटरच उरतात, आणि धारणा २,१९६ घनमीटर येते. दिवाळीला विहिरीतलं पाणी किती खोलीवर असतं तेही त्याच्याकडून विचारून घेतलं. तळ्याचा तळ त्याच्या बराच वर राहायला हवा, नाहीतर खारं पाणी आत पाझरतं.

तळं भरेल का, यासाठी शेवटचं कोष्टक. स्ट्रेंज नावाच्या इंग्रज अभियंत्यानं १८९२ साली महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमाभागातल्या पावसाच्या नोंदींवरून ते केलं. किती पाऊस झाला तर त्यातला किती वाहून येतो, याची टक्केवारी त्यात पाणलोटाचे चांगलं, मध्यम आणि वाईट असे तीन प्रकार करून दिली आहे. साडेसातशे मिलिमीटरला सुमारे २६, १९ आणि १३. वडील ज्याला वाया गेलेलं रान म्हणत, तेच इथं चांगल्याच्या रकान्यात जाईल, कारण या कोष्टकाला पीक नको, वाहणारं पाणी हवं आहे. आम्ही मध्यम धरलं. एका हेक्टरवर साडेसात हजार घनमीटर पाऊस पडतो, त्याचे एकोणीस टक्के म्हणजे चौदाशे पंचवीस. दोन हेक्टरांचं पाणी वळवलं तरी तळं भरून उरतं. एक तृतीयांश उडून आणि झिरपून गेलं असं धरू. उरलेल्यात पाच सेंटिमीटरची एक पाळी जवळपास तीन हेक्टरांना पुरते. भावानं लगेच एकर केले, "म्हंजे सात एकर हरभऱ्याले एक पानी." हरभऱ्याला ऐन फुलोऱ्यात मिळालेलं एक गोडं पाणी काय करतं, ते त्याला मला सांगावं लागलं नाही.

तळ्याची जागा टोपोशीट सांगू शकत नाही. वीस मीटरच्या रेषांत आमच्या शेताचा हातभर उतार कुठून दिसणार? ती पारदर्शक नळीत पाणी भरून, दोन टोकं दोघांनी धरून ठरवली. उतार दक्षिणेला, पूर्णेकडेच निघाला. तूर निघाली की जेसीबी सांगितला आहे. तोवर मातीचे नमुने घेऊन ठेवले आहेत, वरच्या फुटाचे वेगळे आणि खालच्या दोन फुटांचे वेगळे, कारण सोडियम खाली आधी बसतो. मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात, त्यांत ईएसपी नसतो. तो वेगळा सांगून मोजून घ्यावा लागतो. अर्जावर तसं लिहून दिलं आहे. आकडा आला की तो पंधराशी नव्हे, पाचाशी लावून पाहायचा आणि जिप्सम किती टाकायचं ते काढायचं.